मनोराज्य आणि आंखणी

शेख महंमदाची गोष्ट आमच्या वाचकांस लहानपणापासून ठाऊक असेल. डोक्यावर दुसऱ्याच्या तुपाची घागर घेऊन चाललेला हा हमाल मजुरीच्या चार पैशांतून कोंबडी घेतो, कोंबडीच्या अंड्यांतून शेळी, शेळीच्या करडांतून म्हैस आणि म्हशीच्या दुधांतून वाडा उभा करतो; वाड्यांत बायको येते, मुलें होतात, आणि जेवावयास बोलवावयास आलेल्या मुलाला ऐटींत मान हलवून 'नाहीं' म्हणतांना घागर खालीं पडून फुटते. वाडवडिलांनीं ही गोष्ट मुलांस सावध करण्यासाठीं सांगितली. हल्लींचे उपदेशक तीच गोष्ट उलटी करून सांगतात. शेख महंमद चुकला तो मनोराज्य केलें म्हणून नव्हे, तर तें पुरेसें भव्य केलें नाहीं म्हणून, असें त्यांचें म्हणणें आहे. आणि घागरीचें काय झालें असें विचारणारा मनुष्य त्यांच्या मतें नकारात्मक वृत्तीचा ठरतो.

जीवननियोजन या नांवाखालीं चाललेला हा धंदा आमच्या शहरांतून चांगलाच बोकाळला आहे. त्याचीं व्याख्यानें होतात, शिबिरें भरतात, सुबक बांधणीच्या वह्या निघतात, आणि हातांतल्या मोबाइलवर त्याचा उपदेश रात्रंदिवस चालूच असतो. त्याचा विधि थोडक्यांत असा: पांच वर्षांनीं आपण कोण असूं तें वर्तमानकाळांत लिहावें; त्याचीं चित्रें कापून एका फळ्यावर डकवावीं; रोज सकाळीं डोळे मिटून तें सर्व मिळालेंच आहे असें मानावें; बाकीचें विश्व पाहून घेईल. आपल्या पुढील आयुष्याचा माणसानें आगाऊ विचार करावा, हें आम्हांस मान्यच आहे. किंबहुना जो तो करीत नाहीं, त्याच्यासाठीं तो दुसरे लोक करतात, आणि स्वतःच्या सोयीनें करतात. आमची तक्रार अशी आहे, कीं ज्या विद्येचें नांव नियोजन, तींत नियोजन तेवढें नाहीं. आणि ज्यांना त्याची खरी निकड आहे अशा आमच्या हजारों तरुणतरुणींच्या हातीं ती पडल्यामुळें त्यांच्या आयुष्याचीं मोलाचीं वर्षें वायां जात आहेत.

या मंडळींचा एक आवडता दाखला आहे. अमेरिकेंतील येल विद्यापीठांत १९५३ सालीं पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा तिघांनींच आपलीं ध्येयें लिहून ठेवलीं होतीं, आणि वीस वर्षांनीं पाहतां त्या तिघांची संपत्ति उरलेल्या सत्त्याण्णवांच्या एकत्रित संपत्तीहून अधिक भरली, असें सांगण्यांत येतें. दाखला मोठा चटकदार आहे. त्यांत दोष एवढाच, कीं अशी पाहणी झाल्याचा कोठेंहि पुरावा नाहीं. १९९६ सालीं एका अमेरिकन मासिकानें ती सांगणाऱ्यांकडे मूळ कागद मागितला, तेव्हां प्रत्येकानें दुसऱ्याकडे बोट दाखविलें, आणि खुद्द विद्यापीठासहि तिचा मागमूस सांपडला नाहीं. इतकें उघड होऊनहि हा दाखला आमच्याकडील व्यासपीठांवरून आजतागायत ऐकूं येतो. ध्येय लिहून ठेवण्यांत वाईट कांहींच नाहीं. पण जी गोष्ट खरी आहे तिच्या समर्थनासाठीं खोट्या साक्षीदाराची गरज कां पडावी, हें ज्याचें त्यानें ओळखावें.

खरा साक्षीदार पाहिजेच असेल तर तो आहे, परंतु तो या मंडळींच्या सोयीचा नाहीं. गाब्रिएले ओटिंगेन आणि डोरिस मायर या संशोधक विदुषींनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, पदवी घेऊन नोकरीच्या शोधांत निघालेल्या तरुणांचा अभ्यास आहे. त्यांत त्यांनीं दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्या. आपल्या आजवरच्या अनुभवावरून 'हें मला जमेल' असें वाटणें ही अपेक्षा. आणि तें जमलेंच आहे असें गोड चित्र मनांत रंगविणें हें मनोराज्य. कांहीं काळानंतर पाहतां, ज्यांची अपेक्षा बळकट होती त्यांना नोकऱ्या अधिक व चांगल्या मिळाल्या होत्या; पण ज्यांचें मनोराज्य अधिक गोड होतें त्यांनीं अर्जच कमी केले, त्यांना बोलावणीं कमी आलीं, आणि त्यांचें वेतनहि कमी होतें. कारण समजण्यास मानसशास्त्राची मोठी गरज नाहीं. ज्यानें मनांत फळ खाऊन घेतलें, त्याची झाडावर चढण्याची भूक तेवढी कमी होते. आजीच्या गोष्टींतील घागर आणि संशोधकांचे आकडे येथें एकच साक्ष देतात.

आतां या फळ्यावर काय काय असतें तें पाहावें. मोटार असते, बंगला असतो, परदेशाचा प्रवास असतो. ज्याला शासकीय अधिकारी व्हावयाचें आहे त्याच्या फळ्यावर दिव्याची गाडी असते. वास्तविक सरकारी गाड्यांवरील लाल दिवा १ मे २०१७ पासून गेला, पण स्वप्नांतल्या गाडीवर तो अजून फिरतोच आहे. सत्कार असतो, गांवाच्या वेशीवरचा फलक असतो, आईवडिलांच्या डोळ्यांतलें पाणी असतें. एक गोष्ट मात्र कोठेंच नसते, ती म्हणजे काम. म्हणून आमचा आग्रह असा, कीं ज्याला आपल्या पुढील आयुष्याचें चित्र काढावयाचें आहे त्यानें त्यांतला एक साधा मंगळवार लिहून काढावा. तहसीलदार व्हावयाचें आहे ना? मग त्याचा मंगळवार लिहा. फेरफाराच्या तक्रारी, दोघां भावांतला बांधाचा तंटा, वाळूच्या गाड्या, अवकाळी पावसानंतरचे पंचनामे, मतदारयाद्या, वरून आलेला दूरध्वनि आणि खालून आलेला मोर्चा. हें काम मनापासून आवडणारीं माणसें आहेत, आणि त्यांच्यामुळेंच राज्य चालतें. पण हा मंगळवार वाचून ज्याचा जीव घाबरा होतो आणि तरीहि ज्याला तहसीलदार व्हावयाचें असतें, त्याला काम नको आहे, पद पाहिजे आहे. पद मिळाल्यावर काम टळत नाहीं, हें त्याला आधीं सांगणें हाच खरा नियोजनाचा पहिला धडा होय.

हा प्रश्न केवळ शब्दांचा नाहीं. पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि नवी पेठेंत एक फेरी मारली म्हणजे तो किती माणसांचा आहे हें दिसतें. मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून आलेलीं मुलेंमुली तेथें खोली नव्हे, नुसत्या खाटेपुरती जागा भाड्यानें घेतात, खाणावळींत जेवतात, आणि अभ्यासिकेच्या एका खुर्चीवर दिवसाचे दहाबारा तास काढतात. त्यांच्या कष्टांविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. पण त्यांच्या आयुष्याच्या आंखणींत जें गणित आहे तें त्यांना कोणीं नीट मांडून दाखविलें आहे काय? केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेस १०,१६,८५० जणांनीं अर्ज केले. त्यांपैकीं ५,९२,१४१ जण पूर्वपरीक्षेस बसले. मुख्य परीक्षेस १४,६२४ पात्र ठरले, मुलाखतीस २,८५५, आणि अखेर निवड झाली ती १,०१६ जणांची. अर्ज करणाऱ्या हजारांत एक, आणि प्रत्यक्ष बसणाऱ्या सुमारें ५८३ जणांत एक, असें हें प्रमाण आहे.

उपदेशक यावर म्हणतात, 'तो एक तूंच कां नसावास?' हा प्रश्न ऐकण्यास मोठा धीराचा, पण तो एका वेळीं पांचशें त्र्याऐंशी जणांस विचारला जातो. कष्टानें क्रम बदलतो, संख्या बदलत नाहीं. उद्यांपासून या सर्वांनीं दुप्पट अभ्यास केला तरी निवड व्हावयाची ती १,०१६ चीच. जेथें एकाचें यश दुसऱ्याच्या अपयशांतूनच निघतें, तेथें 'प्रयत्न करणारास यश हमखास' असें सांगणारा मनुष्य शेंकडों लोकांशीं एकदम खोटें बोलत असतो. खुल्या गटांतील उमेदवारास वयाच्या ३२ व्या वर्षापर्यंत सहा संधी मिळतात; २१ व्या वर्षीं सुरुवात करणाऱ्यानें त्या वयोमर्यादेपर्यंत पसरून घेतल्या तर जवळ जवळ दहा वर्षें जाऊं शकतात, आणि तीं दहा वर्षें माणूस कामाचे पहिले धडे घेतो तींच असतात. ज्या आंखणींत यश आलें तर काय हें पान भरभरून लिहिलेलें आणि न आलें तर काय हें पान कोरें, तिला आंखणी म्हणतां येत नाहीं.

शिवाय ज्या तारखांवर हीं मुलें आपलें आयुष्य टांगतात त्या तारखांचा तरी भरंवसा आहे काय? १४ मार्च २०२१ रोजीं व्हावयाची राज्यसेवा पूर्वपरीक्षा अवघ्या तीन दिवसांवर आली असतां करोनाच्या कारणानें पुढें ढकलण्यांत आली; पुण्यांत विद्यार्थी रस्त्यावर आले, आणि मग ती २१ मार्चला घेण्यांत आली. मुख्य परीक्षेचें स्वरूप वर्णनात्मक करण्याचा निर्णय लगेच अमलांत आणावा कीं २०२५ पासून, यावरून २०२३ च्या आरंभीं पुन्हां आंदोलनें झालीं, आणि अखेर २०२५ हें वर्ष ठरलें. तरुणांस 'पांच वर्षांचें नियोजन करा' म्हणून सांगणाऱ्या समाजास पांच दिवसांपुढची तारीख पाळतां येऊं नये, ही विसंगति कोणास खटकत नाहीं हेंच आश्चर्य.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही हलका मानीत नाहीं. 'हा पोट भरलेल्यांचा उपदेश आहे,' असें कोणी म्हणेल. 'ज्याच्या घरीं चार एकर कोरडवाहू जमीन आहे, ज्याच्या बापानें दुष्काळ आणि सावकार दोन्ही पाहिले आहेत, त्याला महिन्याच्या एक तारखेस येणारा पगार म्हणजे स्वातंत्र्य आहे. ज्या जातींस शतकानुशतकें कचेरीच्या पायरीवर उभें राहूं दिलें नाहीं, त्यांना त्या कचेरींतली खुर्ची ही केवळ खुर्ची नाहीं. तेथें तुम्ही कामाच्या आवडीचें पुराण काय सांगतां?' हा आक्षेप निम्मा खरा आहे. सुरक्षिततेची इच्छा न्याय्य आहे, आणि प्रतिष्ठेची त्याहून अधिक. एवढेंच नव्हे, तर कित्येक मुलींच्या बाबतींत अभ्यासिकेंतली ती खुर्ची म्हणजे लग्न चार वर्षें लांबणीवर टाकण्याचें घरांत मान्य होणारें एकमेव कारण असतें; तिला 'ही परीक्षा सोड' असें सांगणारा तिला कोठें परत पाठवीत आहे हें त्यानें ओळखलें पाहिजे.

पण याच कारणासाठीं आमचें म्हणणें अधिकच लागू पडतें. ज्याच्याजवळ गमावण्यास पुष्कळ आहे त्याला जुगार परवडतो. ज्याच्याजवळ थोडें आहे त्याला हिशेब पाहिजे. श्रीमंताच्या मुलाचीं दहा वर्षें गेलीं तर वडिलांचें दुकान उभें असतें. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाचीं गेलीं तर बहुधा जमिनीचा एक तुकडाहि गेलेला असतो. आणि या दहा वर्षांत कोणाचें बुडत नाहीं, तेंहि पाहावें. क्लासचे पैसे आगाऊ येतात, खाटेचें भाडें महिन्याला येतें, नापास झालेला विद्यार्थी पुढच्या वर्षीं पुन्हां गिऱ्हाईक होतो. यशस्वी उमेदवारांचीं तीं तींच छायाचित्रें अनेक क्लासांच्या जाहिरातींत झळकतात. हा प्रकार इतका वाढला कीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास नोव्हेंबर २०२४ मध्यें अशा फसव्या जाहिरातींविरुद्ध स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वें काढावीं लागलीं. गरिबाच्या आकांक्षेचा कळवळा दाखवून त्याला गणित न सांगणें हा कळवळा नव्हे.

मग खरी आंखणी कशी असते? ज्यांनीं आपलें आयुष्य खरोखर कामानें भरून काढलें अशा आमच्याच तीन माणसांकडे आम्ही बोट दाखवितो. तिघांचेंहि आयुष्य फळ्यावरील चित्राप्रमाणें घडलेलें नाहीं.

धोंडो केशव कर्वे सतराअठरा वर्षांचे असतांना परीक्षेसाठीं कोंकणांतील मुरुडाहून सातारपर्यंत पायीं गेले, आणि वयानें लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसूंच दिलें नाहीं. त्या दिवशीं त्यांना कोणीं भविष्याचें चित्र काढावयास सांगितलें असतें तर त्यांत गांवच्या शाळामास्तरापलीकडचें कांहीं आलें असतें असें वाटत नाहीं. १८९१ मध्यें ते फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवूं लागले. १८९३ मध्यें त्यांनीं विधवेशीं विवाह केला. १८९६ मध्यें अनाथ बालिकाश्रम काढला. आणि महिला विद्यापीठ स्थापन झालें तें १९१६ मध्यें, म्हणजे वयाच्या ५८ व्या वर्षीं. प्रत्येक पायरीवर उभें राहिल्यावरच त्यांना पुढची दिसली. त्यांच्या डोळ्यांपुढें पद नव्हतें. न झालेलें एक काम होतें, आणि तें काम त्यांना पुढें ओढीत गेलें.

दादासाहेब फाळके चाळिशीच्या घरांत असतांना चलच्चित्राच्या वेडानें झपाटले. त्यांनीं विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्यें विलायत गांठली, हें पुष्कळांस ठाऊक असतें, आणि 'सर्वस्व पणास लावा' असें सांगणारे उपदेशक तेवढेंच सांगतात. त्यापुढची गोष्ट ते सांगत नाहींत. परत आल्यावर फाळक्यांनीं एकदम मोठा चित्रपट काढावयास घेतला नाहीं. एका वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनीं थोडीथोडी टिपून तिचा एक छोटा चित्रपट केला, तो भांडवल देणारांस दाखविला, आणि मग पैसा उभा करून 'राजा हरिश्चंद्र' हातीं घेतला. तो ३ मे १९१३ रोजीं मुंबईंत लोकांपुढें आला. मोठ्या बेताची आधीं वाटाण्याएवढी परीक्षा घ्यावी, हा त्यांतला धडा आहे. ज्याला शेतमालाचा धंदा काढावयाचा आहे त्यानें आधीं दहा किलो माल विकून पाहावा. जिला शिक्षिका व्हावयाचें आहे तिनें चार मुलांस तीन महिने शिकवून पाहावें.

तिसरे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे. त्यांची उपजीविका मुंबईच्या उच्च न्यायालयांतील वकिलीवर चाले. त्यांचें आयुष्याचें काम मात्र दुसरें होतें. 'व्यवहारमयूख' या ग्रंथास प्रस्तावना लिहावी एवढ्या बेतापासून निघालेला त्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास पांच खंडांचा आणि साडेसहा हजारांहून अधिक पृष्ठांचा झाला. पहिला खंड १९३० मध्यें निघाला तेव्हां ते पन्नास वर्षांचे होते, आणि शेवटचा १९६२ मध्यें, तेव्हां ब्याऐंशी वर्षांचे. उपजीविका आणि जीवितकार्य हीं एकच असलीं पाहिजेत, असा जो हट्ट हल्लीं तरुणांच्या मनांत भरविला जातो, त्याला हें सडेतोड उत्तर आहे. एकच असलीं तर उत्तम. नसलीं तर दोहोंचा वेगवेगळा विचार करून दोन्ही सांभाळतां येतात, आणि त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

येथें आमच्या स्वतःच्या दाखल्यांतहि एक उणीव आहे, ती आम्हीच दाखवितों. हीं तिन्हीं नांवें पुरुषांचीं आहेत, आणि ज्या घरांत हीं कामें झालीं तेथील चूल दुसरें कोणी सांभाळीत होतें. जीवननियोजनाच्या वह्यांत दिवसाचे चोवीस तास मालकाचे स्वतःचे आहेत असें गृहीत धरलेलें असतें. बहुतेक स्त्रियांचे ते नसतात. सकाळचे डबे, सासूबाईंचें औषध, मुलाची शाळा यांतून उरलेल्या तासांत तिनें आपला फळा रंगवावा, आणि तो खरा झाला नाहीं तर इच्छाशक्ति कमी पडली म्हणून स्वतःस दोष द्यावा, हा कोणता न्याय? रमाबाई रानड्यांनीं १९०९ मध्यें पुण्यांत सेवासदन उभें केलें तें स्त्रियांना स्वप्नें पाहावयास शिकविण्यासाठीं नव्हे. शिकविणें, शुश्रूषा करणें अशीं कामें हातीं येऊन त्यांनीं स्वतःच्या पायांवर उभें राहावें म्हणून. म्हणून घरांत कोणाच्याहि आयुष्याची आंखणी करावयास बसतांना पहिला प्रश्न हा असावा, कीं यासाठीं लागणारे तास कोणाच्या दिवसांतून यावयाचे आहेत.

एवढें सांगून आमचें मागणें आम्ही थोडक्यांत मांडतों. आयोगांनीं वर्षाचें वेळापत्रक केवळ प्रसिद्ध करूं नये, तें पाळावें. प्रत्येक क्लासनें आपल्याकडे किती विद्यार्थी बसले आणि किती निवडले गेले हे दोन आकडे एकाच आकाराच्या अक्षरांत छापावे. महाविद्यालयांनीं प्रेरणेचीं व्याख्यानें ठेवण्याऐवजीं वेगवेगळ्या व्यवसायांतील माणसांस बोलावून त्यांचा मंगळवार सांगावयास लावावा: सुताराचा, परिचारिकेचा, ग्रामसेवकाचा, छापखानेवाल्याचा. आणि पालकांनीं मुलाला पुण्यास पाठवितांना किती पैसे लागतील याबरोबर किती वर्षें हेंहि ठरवावें, आणि तें त्याच्याशीं बसून, मोकळेपणानें ठरवावें. म्हणजे तीं वर्षें संपल्यावर परत येणाऱ्या मुलास आपण पळून आलों असें वाटणार नाहीं, ठरल्याप्रमाणें दुसऱ्या कामास लागलों असें वाटेल.

राहतां राहिला तो तरुण वाचक, ज्याच्या टेबलावर या घटकेस अशीच एखादी वही उघडी पडली असेल. त्यानें ती फेंकून द्यावी असें आम्ही म्हणत नाहीं. तिच्यांतील चित्रांचें पान मिटावें आणि पुढच्या कोऱ्या पानावर चार गोष्टी लिहाव्या: मला रोज कोणतें काम करावयाचें आहे, तें कोणाच्या उपयोगाचें आहे, तोंपर्यंत माझें पोट कशावर चालणार, आणि कोणत्या तारखेस मी हा बेत पुन्हां तपासणार. या चार ओळी लिहावयास व्याख्यान लागत नाहीं, शिबिर लागत नाहीं, शुल्कहि लागत नाहीं. त्या लिहितांना हात अडखळला तर त्यांत लाज मानूं नये. वडील माणसांपैकीं ज्याचें काम आपणांस चांगलें वाटतें अशा कोणा एकाच्या घरीं जाऊन, त्यानें त्या कशा सोडविल्या तें विचारावें.